संपादित गाऱ्हाणे

शिवदासने लाल पेनाने सर्वात आधी खोडला तो खुद्द आपल्या घराण्याचा मूळपुरुष. त्याच्या पाठोपाठ मूळपुरुषाचे दोन भाऊ गेले, गावाच्या शिवेवरचे चार राखणदार गेले, आणि बायको कमलाक्षी चहा आणि पोई, म्हणजे गावठी पाव, घेऊन येईपर्यंत तो सातेरी देवीच्या विशेषणांपर्यंत पोहोचला होता.

"ह्यां कितां चल्लां तुमचां?" तिने वहीत डोकावून विचारले. "ही आज्याची गाऱ्हाण्याची वही न्हय?"

"तीच. छाटतंय."

"देवांक?"

"देवांक कित्याक छाटू? पाल्हाळ छाटतंय. पयल्या पानार कायच घडणा नाय, नुसती नांवां. वाचक थंयच उठान जातलो."

"गाऱ्हाण्याक वाचक खंयचो? लोक हात जोडून उबे रवतत."

"तां तुका कळाचां नाय," असे म्हणून शिवदासने देवीची 'जागृत', 'कृपावंत' आणि 'आदिमाया' ही तिन्ही विशेषणे एका रेघेत उडवली. "देवी म्हटल्यार ती जागृत आसतलीच. वेगळां सांगाक कित्याक होयां?"

कमलाक्षीने पाने उलटून पाहिली. अकरा पानांची वही रस्त्याच्या कामाला लागलेल्या डोंगरासारखी लाल झाली होती. "रवळनाथाक तरी ठेवलास मां?" तिने घाबरत विचारले.

"तो नायक गो. ताका कसो काढू?"

खोलवझर हा पेडण्याकडचा गाव तसा लहान, पण त्याचे गाऱ्हाणे मोठे. रवळनाथाच्या देवळाचा वर्धापन दिन आला की सकाळी दहा वाजता परबांच्या घरातला कर्ता माणूस हातात नारळ घेऊन देवासमोर उभा राहतो आणि सगळ्या गावाच्या वतीने देवाशी बोलतो. देवदेवतांना, राखणदारांना, गेलेल्या पूर्वजांना हाका मारतो, मग बत्तीसच्या बत्तीस घरांची नावे घेऊन कुणाला काय हवे ते मागतो. प्रत्येक वाक्याला मागे उभा असलेला गाव "होय म्हाराजाऽ" म्हणून दणदणीत दुजोरा देतो. हे सगळे पाऊण तास चालते.

गेली एक्केचाळीस वर्षे हा मान शिवदासचे काका मधुकर परब यांच्याकडे होता. यंदा मात्र काकांच्या घशातली गाठ काढली आणि दीड महिना एक शब्दही बोलायचा नाही म्हणून डॉक्टरांनी बजावले. काका आता पाटीवर खडूने लिहून बोलत. पाऊण तास सलग बोलणारा माणूस दोन शब्दांत कारभार उरकू लागला होता. 'चहा. बिनसाखर.' 'पंखा लाव.' 'गाढव.' शिवदासच्या हाती वही देतानाही त्यांनी एवढेच लिहिले होते, 'तू घाल. रुद्रेश टपलाय.'

या चार शब्दांत गावाचा निम्मा इतिहास होता. रुद्रेश हा खालच्या वाड्यावरचा पंच. मोपा विमानतळ झाल्यापासून त्याच्या तीन टॅक्सी मोप्याच्या घाटीने वर-खाली करत असत. परबांना जमत नसेल तर गाऱ्हाणे घालायला आम्ही आहोत, असे त्याचे आजोबा सांगत, मग वडील सांगत आणि आता तो सांगत होता. शिवदास चुकला की मान खालच्या वाड्यावर गेलाच, आणि असा गेलेला मान परत येत नाही. शिवदासला हे नीट कळत होते. लहानपणापासून काकांच्या मागे उभे राहून त्याने "होय म्हाराजा" म्हटले होते आणि एक दिवस आपण पुढे उभे राहू, हे त्याच्या मनात कायमचे बसले होते. हा मान त्याला मनापासून हवा होता.

अडचण एवढीच की वर्धापनाच्या दोन आठवडे आधी शिवदास लेखक व्हायला गेला.

तो पणजीला एका सरकारी कार्यालयात हेडक्लार्क. अठ्ठावीस वर्षे टिपणे लिहून लिहून आपल्याला लिहिता येते अशी त्याची समजूत झाली होती, आणि त्या भरात त्याने अठरा पानांची एक कथा लिहिली होती. तिच्यातला नायक चौथ्या पानावर अंथरुणातून उठत असे. ही कथा पिशवीत घालून तो म्हापशाला नवोदित लेखकांच्या एकदिवसीय कार्यशाळेला गेला. शिकवायला कोल्हापूरहून योगिता घोरपडे आल्या होत्या. बाई उभ्या राहिल्या त्या लाल पेन घेऊनच.

"लिहायला काय लागतंय? कुणीबी लिहितंय," त्या म्हणाल्या. "छाटायला छाती लागते! पहिला परिच्छेद फेका. विशेषण दिसलं की मारा. तीनच्या वर पात्रं आणलीत तर वाचकाच्या डोक्याचा पार भुगा होतोय. थेट मुद्द्याला हात घाला आणि काम झालं की थांबा. थांबायला शिका हो!"

शिवदासच्या अठरा पानांतले त्यांनी एकच वाक्य शिल्लक ठेवले. 'तो उठला.' "हे बघा, हे कसं जिवंत आहे," त्या म्हणाल्या. शिवदासला आधी रडू आले आणि मग साक्षात्कार झाला.

त्या दिवसापासून त्याला छाटण्याचा नादच लागला. कार्यालयातली टिपणे त्याने इतकी आटोपशीर केली की विषय कोणता हे साहेबांना त्यालाच बोलावून विचारावे लागे. कमलाक्षीच्या बाजाराच्या यादीत नारळ दोनदा आला होता, एकदा कालवणाला आणि एकदा पूजेला. त्याने पुनरुक्ती म्हणून पूजेचा काढला. शेजारच्या रुक्मिणीवहिनींच्या थोरल्या दिराची शोकसभा झाली, तिथे तो उभा राहून "गेले. वाईट झालां," एवढेच बोलला आणि खाली बसला. दुःखाने कंठ दाटला असेल असे समजून गावाने ते पोटात घातले.

वर्धापनाच्या रविवारी देवळात दोनशे माणूस उभा होता. काका पुढे कदेलावर, म्हणजे देवळातल्या एकुलत्या एका खुर्चीवर, मांडीवर पाटी घेऊन बसले होते. शिवदास धोतर नेसून, नारळ हातात धरून देवासमोर गेला. अकरा पानांचे आता तीन ओळींचे झाले होते, त्यामुळे वही घरीच ठेवली होती.

"बा देवा रवळनाथाऽ!"

"होय म्हाराजाऽ!"

"आमी आयलांव."

"होय म्हाराजाऽ!"

"आमचां कितां तां तुका खबर आसा. सांभाळ."

आणि त्याने नारळ फोडला.

गाव हात जोडून तसाच उभा राहिला. निम्म्यांना वाटले की याने घसा साफ केला असावा, आता सुरू करील. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने तेवढ्यात एकट्याने "होय म्हाराजा" म्हटले आणि तोच दचकला. सगळे मिळून एकोणीस सेकंद लागले होते. शिवदास मागे वळला तो टाळ्यांची वाट पाहणाऱ्या माणसाचा चेहरा घेऊनच.

टाळ्या आल्या नाहीत, पहिला तडाखा आला तो भाताचा. देवळाच्या मागे महाप्रसादाचे रांधप शंभू आचाऱ्याकडे होते. शंभूच्या हातात घड्याळ नाही. तो गाऱ्हाण्यावर रांधतो. 'बा देवा' ऐकू आले की तो आधणात तांदूळ वैरतो, खालच्या वाड्याची नावे सुरू झाली की जाळ कमी करतो आणि नारळ फुटला की विझवतो. पंचवीस वर्षांत त्याचा भात ना कधी कच्चा राहिला ना कधी लागला. आजही त्याने 'बा देवा'ला तांदूळ वैरले, आणि नारळ फुटल्याबरोबर जाळ विझवला.

"अरे, पण तुका दिसूक नाय, तांदूळ तसेच आसत म्हणान?" शिवदासने पंगतीत बसल्यावर विचारले.

"दिसले मां," शंभू म्हणाला. "पण नारळ फुटलो. नारळ फुटल्यार मी जाळ ठेवणंय नाय."

मग पुन्हा चूल पेटली. पाने मांडलेली, पानांवर खतखत्याची मिसळभाजी वाढलेली, पापड वाढलेला, आणि भाताचा पत्ता नाही. दोनशे माणसे पाऊण तास पापडाचे तुकडे मोडत बसून राहिली. रिकामा बसलेला माणूस विचार करू लागतो, आणि खोलवझर त्या दिवशी विचार करू लागला.

पहिल्यांदा रुक्मिणीवहिनी बोलल्या. "रे शिवदासा, तू माझां नांव घेतलंस?"

"वयनी, तां सगळां आतां 'आमी'त येता. तीनच्या वर पात्रां घेतली की—"

"पात्र? मी पात्र? चाळीस वर्सां ह्या गावात रवतंय, आनी माका पात्र म्हणता!"

समोरच्या पंगतीतून रुद्रेश उठून आला. त्याने चेहरा दुःखी ठेवला होता, पण डोळे ऐकत नव्हते. "आमचो सगळो खालचो वाडो तू एका शब्दात गुंडाळलंस, शिवदासा."

"अर्थ तोच होता मां पण!"

"तसां जाल्यार ग्रामसभेत 'आमी' म्हणान एकट्यान सही केल्यार चलात?"

तेवढ्यात भात आला, म्हणून वेळ निभावली.

पण पुढचा आठवडा त्याच्या मुळावर उठला. सोमवारी रुक्मिणीवहिनींच्या गाईने दूध दिले नाही. मंगळवारी खालच्या वाड्याचा ट्रान्सफॉर्मर गेला. बुधवारी रुद्रेशची टॅक्सी मोप्याच्या घाटीवर पंक्चर झाली आणि आतल्या पाहुण्यांनी आपले विमान खिडकीतून डोक्यावरून जाताना पाहिले. या गोष्टी गावात दर आठवड्याला होत असत, फक्त त्यांचे खापर फोडायला आजवर नेमके डोके नव्हते. ते आता सापडले होते. गुरुवारी दोघे असे आले की ज्यांचे काहीच बिघडले नव्हते.

"अजून कायच जावक नाय," ते ओटीवर बसून म्हणाले, "पण जातलां. म्हणान आदींच सांगाक आयलांव."

शिवदासने रुद्रेशला समजावून पाहिले. "अरे, रस्त्यार खिळो होतो म्हणान पंक्चर जालां."

"खिळो सगळ्यांक होतो. माझ्याच टायराक कित्याक लागलो?" रुद्रेश म्हणाला. "ज्याचां नांव गाऱ्हाण्यात आसा ताका खिळो लागणा नाय."

शनिवारी सकाळी देवळात बैठक बसली आणि देवाचा कौल घ्यायचे ठरले. गुरवाने रवळनाथाच्या मूर्तीवर पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या दोन्ही बाजूंना चिकटवल्या. उजवी पडली तर देव राजी, डावी पडली तर नाराज. शिवदास हिशेब करू लागला. लोक नाराज झाले तर समजूत काढता येते, पण देवाने नापास केले तर पुढे कुठे दाद मागायची?

"बा देवा म्हाराजा," गुरव म्हणाला, "शिवदासान यंदा थोडक्यात गाऱ्हाणां घातलां, तां तुका—"

टप. गुरवाचे वाक्य पुरे व्हायच्या आतच उजवी पाकळी खाली आली.

"पंखो बंद करा," रुद्रेश म्हणाला.

पंखा बंद केला. नव्या पाकळ्या लावल्या. गुरवाने पुन्हा तोंड उघडले आणि यावेळी 'बा'लाच उजवी पाकळी पडली. एरवी एका कौलासाठी तासतास ताटकळत ठेवणारा देव इतक्या घाईने राजी झालेला गुरवाने आजवर पाहिला नव्हता. एक्केचाळीस वर्षे पाऊण-पाऊण तास ऐकून घेतल्यावर त्याला बिचाऱ्याला मोकळे वाटले असणार.

शिवदासचा चेहरा उजळला. लेखक म्हणून त्याला मिळालेली ही पहिली पसंती होती आणि ती साक्षात गाभाऱ्यातून आली होती. "बघा!" तो म्हणाला. "देवाक चल्लां!"

"देवाक कितां जाता?" रुक्मिणीवहिनी कडाडल्या. "ताचां नांव तू सगळ्यांत पयलां घेतलंस. आमचां खंय?"

सगळ्या माना डोलल्या. देवाला चालत असेल, पण गावाला चालत नाही, यावर एकमत झाले. दुसऱ्या दिवशीचा रविवार सोडून पुढच्या रविवारी शिवदासने पूर्ण गाऱ्हाणे पुन्हा घालायचे, बत्तीस घरांसकट, आणि महाप्रसादही पुन्हा करायचा. एक जरी नाव गळले तरी मान खालच्या वाड्यावर. ठराव रुद्रेशने स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि घरी जाताना शिवदासच्या पाठीवर फार मायेने थोपटले.

मग सुरू झाल्या दुरुस्त्या. एकदा वगळलेला माणूस दुसऱ्यांदा नुसत्या नावावर समाधान मानत नाही. रुक्मिणीवहिनींना गाय नावानिशी हवी होती, शिवाय तिची पाडीही. रुद्रेशने तिन्ही टॅक्सींचे नंबर लिहून दिले. एकाला मुलाचे दुबईचे काम मालकाच्या नावासकट घालायचे होते. कुणालाच कुणाच्या नंतर यायचे नव्हते. कमलाक्षीने मोबाइलवर वेळ लावली आणि शिवदासने ओटीवर उभे राहून सगळे वाचून दाखवले. तीन तास दहा मिनिटे.

"तीन तासांत भात जावचो नाय, खळ जातली," शंभूने निरोप पाठवला.

शिवदासने शेवटचा उपाय म्हणून योगिताबाईंना फोन लावला. "मॅडम, एक अडचण आहे. पात्रे बत्तीस आहेत आणि एकही काढता येत नाही."

"बत्तीस?" बाई म्हणाल्या. "मग तीन खंड करा, सर." आणि त्यांच्या नियमाप्रमाणे काम झाल्याबरोबर थांबल्या.

शुक्रवारी संध्याकाळी शिवदास चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन काकांकडे गेला आणि त्यांच्या पायाशी बसला. "काका, माझ्यान जावचां नाय," तो म्हणाला. "एक्केचाळीस वर्सां तुमी ह्यां सगळां कसां केलास कोण जाणे. मान जातलो आतां. माझ्या हातान जातलो."

काकांनी त्याच्याकडे पाहिले. दार लोटलेले आहे याची खात्री केली. मग पाटी उचलली.

'नावे किती घेतोस?'

"सगळीं. वहीत आसत तीं, आनी ह्या चिठ्ठ्यांतली."

काकांनी पुसले आणि लिहिले, 'मी अकरा घेई.'

शिवदासने ते दोनदा वाचले. "अकरा? घरां बत्तीस, आनी देव, पूर्वज... बाकीचीं?"

'पुटपुटत असे.'

"काका!"

काका शांतपणे लिहीत राहिले. एक ओळ लिहायची, तो वाची, की पुसायची. 'सुरुवात मोठ्याने. शेवट मोठ्याने. मध्ये हनुवटी खाली.'

"पण लोकांक तर नांवां ऐकू येतत! माका स्वताक ऐकू येता, दर वर्सा!"

'ज्याच्याकडे बघशील त्याला येते.'

शिवदासच्या डोळ्यांसमोर काका उभे राहिले. गाऱ्हाण्याच्या मध्यावर काका वहीतून मान किंचित वर करत, एकेका घराकडे बघत, आणि त्यांच्या तोंडून काहीतरी गंभीर गुणगुण चाललेली असे. दर वर्षी ते आपल्याकडे बघत आणि दर वर्षी आपण 'शिवदास' असे स्पष्ट ऐकत आलो. "आनी ती वही? हातात धरून वाचत होतास ती?"

'वजनाला.'

"आनी देव?" शिवदास जवळजवळ ओरडला. "लोकांचां सोडा. पण देवाक तुमी—"

या प्रश्नावर काकांनी पाटी आधी नीट पुसून घेतली. मग त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिले, 'त्याला पाठ आहेत.'

शिवदासला आधी संताप आला. एवढी वर्षे फसवले म्हणून आला, आणि त्याहून जास्त, म्हापशाला जायच्या आधी हे सांगितले नाही म्हणून आला. मग त्याने वाकून काकांच्या पायांना हात लावला. कार्यशाळेत बाईंच्या पायांना हात लावावा असे त्याला एकदाही वाटले नव्हते.

रविवारी देवळात अडीचशे माणूस होता. अशा वेळी गर्दी वाढतेच. रुद्रेश अगदी पुढच्या रांगेत, शिवदासपासून दोन हातांवर, कान देऊन उभा होता. शंभू मागच्या दाराशी तांदळाचे सूप घेऊन तयार होता.

"बा देवा रवळनाथाऽ, बारा गावच्या, बारा वाटेच्या म्हाराजाऽ!"

"होय म्हाराजाऽ!"

शिवदासने काही राखून ठेवले नाही. सातेरीला तिन्ही विशेषणे परत दिली आणि वर दोन नवी दिली. मूळपुरुषाला त्याच्या दोन्ही भावांसकट बोलावले, चारही राखणदारांना दिशांसकट हाका मारल्या. गाव खूष झाला. दहा मिनिटे झाली, मान्यवरांची अकरा नावे झाली, आणि मध्य आला. शिवदासने वही छातीशी धरली, हनुवटी खाली घेतली आणि त्याच्या लक्षात आले की पुटपुटायचे हे काकांनी सांगितले होते, काय पुटपुटायचे हे सांगितले नव्हते.

डोके रिकामे झाले. मागे अडीचशे माणसे थांबलेली. तोंड तर हलायलाच हवे होते, आणि अठ्ठावीस वर्षे रोज दोन वेळा कानांवर पडलेली एकच गोष्ट अशा वेळी आपसूक बाहेर आली. पणजी-पेडणे बसच्या कंडक्टरची आरोळी.

"पणजी, पर्वरी, गिरी, म्हापसा..." शिवदास गंभीरपणे गुणगुणला.

"होय म्हाराजाऽ!"

"करासवाडा, कोलवाळ, धारगळ, मालपे, पेडणे..."

"होय म्हाराजाऽ!"

मग तिकडून परत. एका घराकडे बघत तो पेडण्याला पोहोचे, दुसऱ्याकडे बघत पणजीला परते. म्हापशाला एकदा त्याच्या तोंडून "फुडें सरा, फुडें जागो आसा," असेही निघून गेले, तेव्हा गावाने "होय म्हाराजा" म्हटले आणि पहिल्या दोन रांगा खरोखरच थोड्या पुढे सरकल्या. कोलवाळच्या पुलावर त्याने रुक्मिणीवहिनींकडे पाहिले. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. बत्तीस घरांसाठी त्याने सोळा वेळा पेडणे गाठले आणि सोळा वेळा पणजी. घामाने तो निथळला होता, आणि दर फेरीला रुद्रेशचा कान त्याला दिसत होता.

शेवट त्याने पुन्हा खणखणीत केला. लेकराबाळांना, गुराढोरांना, येणाऱ्या-जाणाऱ्याला सुखी ठेव म्हणून मागणे मागितले आणि नारळ फोडला. चव्वेचाळीस मिनिटे. देवळामागे शंभूने जाळ विझवला, आणि त्या दिवशीच्या भाताचे शीत शीत मोकळे होते.

पंगतीत बसायच्या आधी रुद्रेशने शिवदासला खांबाआड गाठले. "एक चूक जाली, शिवदासा," तो हळूच म्हणाला.

हा माणूस रोज त्याच रस्त्यावर टॅक्सी पळवतो, एकेक थांबा त्याला पाठ. "कसली चूक?" शिवदासने विचारले.

"माझां नांव तू दोन फावट घेतलंस. एकदा माझां, एकदा टॅक्सींवांगडा." रुद्रेशने इकडेतिकडे पाहिले. "माका काय ना, बरांच जालां. पण वयनीक सांगा नको, ती परत बैठक लावतली." आणि मानाचा विषय पुन्हा न काढता तो पंगतीला जाऊन बसला.

जेवणे उरकून दोघे घरी निघाली तेव्हा कमलाक्षी दोन पावले पुढे चालत होती. वळणावर आल्यावर ती थांबली. गेल्या श्रावणात तिचे वडील डिचोलीला वारले होते. माहेरी भाऊ नाही, घराला आता कुलूप.

"तुमी आज बाबांचां नांव घेतलास," ती म्हणाली. "डिचोलीचे म्हणान, सगळां स्पश्ट. चोवीस वर्सां मी ह्या गावात हात जोडून उबी रवतंय. माझ्या माहेराचां नांव ह्या देवळात कोणी कधी घेवक नाय." तिने नुसताच त्याचा हात धरला.

शिवदासला स्वतःची भयंकर लाज वाटली. गाऱ्हाण्यात तो सगळ्यांकडे बघत होता, तिच्याकडे बघितले की नाही हेही त्याला आठवेना. पुढच्या वर्षी पहिल्या दहा मिनिटांत, मोठ्याने, हे नाव घ्यायचे असे त्याने तिथेच ठरवले. आज मात्र त्याने तिचा हात तसाच धरून ठेवला. पणजी-पेडणे बस अठ्ठावीस वर्षांत एकदाही डिचोलीवरून गेली नव्हती.